पलीकडं खंड्या आलाय

“पश्चिमेच्या काठाला एखादं घरटं आहे का हो?” कारखानीसबाईंनी विचारलं, आणि मी पापणीसुद्धा न हलवता सांगितलं, “नाही.”

खरं तर अकरा होती. जांभळ्या बगळ्यांची अकरा घरटी, पाणकणसाच्या दाट बेटात, आम्ही उभे होतो तिथून शंभर-एक पावलांवर. रोज सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना मी ती मोजत होते. त्यातल्या दोन घरट्यांत त्याच आठवड्यात पिल्लं निघाली होती. हे जगात दोघांनाच माहीत होतं, मला आणि नेजकर सरांना.

सप्टेंबरचा पहिला रविवार होता, सकाळचे पावणेआठ. हणबरतळ्याच्या काठानं आम्ही तेराचौदा जण चाललो होतो. पुढं नेजकर सर, डोक्याला ती कायमची मळकी टोपी. त्यांच्यामागं पुण्याहून आलेल्या कारखानीसबाई, मग मी, आणि माझ्यामागं दर रविवारची मंडळी. सगळ्यात शेवटी रिटायर नर्स मगदूमकाकू, हातात भडंगाचा डबा. काकूंना पक्ष्यांतलं काडीचं कळत नव्हतं, पण एक रविवार चुकवतील तर शपथ.

“नक्की नाही ना?” बाई परत म्हणाल्या. “मला नीट लिहायचंय, म्हणून विचारते.”

मी सरांकडं बघितलं. सर दुर्बिणीची काच पुसत होते. मान वर न करता म्हणाले, “कुमुदला विचारा. तिचं घरच त्या काठाला आहे. माझ्यापेक्षा तिला जास्त ठाऊक.”

माझी छाती कशी फुगली म्हणून सांगू. बारावी नापास बाई मी, झेरॉक्सच्या दुकानात उभी राहणारी. आणि एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलेला माणूस सगळ्यांसमोर म्हणतोय, हिला जास्त ठाऊक.

“नाही हो,” मी म्हटलं. “नुसता चिखल आणि डास आहेत तिकडं.”

तेवढ्यात सरांनी दुर्बीण डोळ्याला लावली आणि म्हणाले, “चला, पलीकडं खंड्या आलाय.”

सगळे वळले आणि वळणाच्या बाभळीकडं निघाले. बाभळीवर खंड्या बसलेला होताच, निळाशार. बाई खूश झाल्या. मी मनात म्हटलं, वाचली बाबा पोरं.

आता हे खंड्याचं काय, ते सांगते. कोल्हापुरात तळं म्हटलं की लोकांना रंकाळाच आठवतो. आमचं हणबरतळं कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. सरांनी तिथं दर रविवारी लोकांना घेऊन काठानं फिरायचं सुरू केलं. पक्ष्यांच्या नावांची एक यादी असायची, ज्याच्या हातात पेन त्यानं दिसलेल्या पक्ष्यापुढं आकडा लिहायचा. त्या यादीच्या प्रती सर शनिवारी माझ्या दुकानात काढून घ्यायचे. एकदा मी सहज म्हटलं, “सर, यातला हा तिसरा तर आमच्या गच्चीवरनं रोज दिसतो.” सर म्हणाले, “मग उद्या सातला घाटावर ये.” तेव्हापासून मी जायला लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी त्यांची जुनी दुर्बीण माझ्या गळ्यात घातली. पट्टा तुटला होता, मी नायलॉनची दोरी लावून घेतली.

पहिल्याच पावसाळ्यात माझ्या हातनं घोळ झाला. पाणकोंबडीचं घरटं सापडलं म्हणून हरखून गेले आणि एका फोटोवाल्याला जाऊन दाखवलं. फोटो स्वच्छ यावा म्हणून त्या शहाण्यानं भोवतीचं गवत कापलं. घरटं उघडं पडलं, कावळ्यांनी दुपारपर्यंत सगळी अंडी खाल्ली. सर मला तिथं घेऊन गेले. रागावले नाहीत. टरफलं दाखवून एवढंच म्हणाले, “कुमुद, आजपासून घरटं दिसलं की तोंडाला कुलूप. कुणीही विचारू दे. देवानं विचारलं तरी नाही म्हणायचं.”

मी मान हलवली. तो आमचा नियम झाला. फिरताना घरटं जवळ आलं आणि लोक रेंगाळायला लागले, की सर म्हणायचे, “चला, पलीकडं खंड्या आलाय.” मग मी मागनं सगळ्यांना हाकलत पुढं न्यायची. खंड्या काय, त्या बाभळीवर बारा महिने असायचाच. बाकीच्यांना वाटायचं, सरांना खंड्याचं लई वेड. खरी गोष्ट आम्हा दोघांत होती, आणि खोटं कशाला बोलू, त्याचा मला मोठा अभिमान होता.

आणि त्या रविवारी तर मी तयारीतच होते. आदल्या दिवशी सर दुकानात येऊन सांगून गेले होते. “उद्या पुण्याच्या एक बाई येणार आहेत. फोटो काढतात, मासिकात लिहितात. तळ्यावर काहीतरी छापायचं म्हणतायत.”

“अगं बाई,” मी म्हटलं. “म्हणजे पुढच्या रविवारी पन्नास कॅमेरे इथं.”

“म्हणून तर आधी सांगतोय तुला,” सर म्हणाले.

बाई तशा स्वभावानं गोड होत्या. डोक्याला खाकी टोपी, पायात गमबूट. घाटाच्या पायरीवर चहा पिताना माझ्याच शेजारी बसल्या. मुलं किती, दुकान कधीपासून, पावसात घरात पाणी येतं का, सगळं विचारलं. मग हळूच म्हणाल्या, “कुमुदताई, तुम्ही रोज बघता तो काठ. अगदी एकसुद्धा घरटं नाही? मोठे बगळे वगैरे?”

मोठे बगळे म्हटल्यावर ओठाशी नेलेला चहा मी खाली ठेवला. पण मी कच्च्या गुरूची चेली नव्हते.

“बाई, असती तर मी तुम्हाला हाताला धरून दाखवली असती,” मी हसत म्हणाले.

त्यांनी पॅडवरचा कागद पुढं केला. इंग्रजी, बारीक अक्षरं. “इथं सही कराल? आज सोबत कोण होतं, त्याची नोंद.”

मी दिवसभर लोकांचे कागद वाचते. वाचायचे नसतात, पण काचेवर ठेवताना डोळा जातोच. कुणाचा सातबारा, कुणाची काडीमोडाची नोटीस, कुणाच्या पोराचे गणितातले बारा मार्क. गल्लीतली निम्मी गुपितं माझ्या मशीनखालनं गेलीत. तो एक कागद मात्र मी वाचला नाही. सर शेजारी उभे होते. म्हणाले, “हजेरी आहे गं. कर सही.” मी केली, खाली मोबाइल नंबरपण लिहिला.

जाताना सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तसं ते कधी करायचे नाहीत. मला वाटलं, शाबासकी दिली.

इथं दुसरी एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई एवढी कशी भोळी. तळं एका ट्रस्टनं दत्तक घेतलंय, काठ सिमेंटचा करणार, बोटी आणणार, ही कुणकुण जूनपासून होती. आणि सगळ्यात आधी त्याविरुद्ध उभे राहिले ते सरच. पश्चिमेच्या काठाला हात लावू नका, असं त्यांनी स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं. त्याच्या प्रती मी काढल्या. उन्हापावसात दारोदार फिरून दोनशे सह्या मी गोळा केल्या. मग ज्या माणसानं ते पत्र लिहिलं, त्याच्यावर संशय कुठल्या तोंडानं घेणार?

बारा दिवस गेले. शुक्रवारी दुपारी दुकानात कुणी नव्हतं. ट्रस्टच्या ऑफिसातले शिपूरकर आले. एक जाड अहवाल काउंटरवर ठेवला. “वहिनी, पाच प्रती. चारपर्यंत लागतील. स्पायरल करून ठेवा.” आणि समोर चहाला गेले.

मी पानं सुटी करून मशीनवर लावायला घेतली. हणबरतळे, सुशोभीकरणापूर्वीची पाहणी. अहवाल तयार करणाऱ्या, डॉ. मेघना कारखानीस. नाव बघून मला आधी बरं वाटलं. म्हटलं, अरे, या तर आपल्या बाई. मासिक म्हणाल्या आणि हे काय लिहीत बसल्या.

सतराव्या पानावर माझा हात थांबला. ते पान मला आजही तोंडपाठ आहे. “पश्चिम काठावर घरटी आढळल्यास तो भाग कामातून पूर्णपणे वगळावा, अशी अट आहे. पाणकणसाच्या दाटीमुळे आतला भाग पाहता आला नाही. मात्र काठावरच राहणाऱ्या व दररोज निरीक्षण करणाऱ्या श्रीमती कुमुद चौगुले यांना वेगवेगळ्या वेळी विचारणा केली असता, येथे घरटी नसल्याचे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. सबब हा भाग कामासाठी खुला करण्यास हरकत नाही.” खाली त्या इंग्रजी कागदाची प्रत होती. त्यावर माझी सही, वळणदार, शाळेत गुरुजींनी गिरवून घेतलेली.

मी स्टुलावर बसले. मशीन आपलं चालूच होतं, माझंच नाव पाच-पाच वेळा बाहेर टाकत होतं.

तेवढ्यावर भागलं नाही. शेवटच्या पानावर नकाशा होता. आमच्या घरासमोर, पाणकणसाचं बेट आहे बरोबर त्या जागी एक चौकोन काढलेला. आत लिहिलेलं, निसर्ग माहिती केंद्र. आणि त्याखाली, मानद संचालक, श्री. व. रा. नेजकर.

शिपूरकर परत आले तेव्हा मी स्पायरल घालत होते. आवाज साधा ठेवला.

“काम कधी सुरू होणार हो?”

“सोमवारी. पश्चिमेकडनंच घ्यायचं. तिकडं अडचण नाही म्हणे.”

ते गेल्यावर मी शटर ओढलं आणि अहवालावरच्या नंबरावर बाईंना फोन लावला.

“कारखानीसबाई, मी कुमुद चौगुले. हणबरतळं.”

“अहो, बोला ना कुमुदताई.”

“बाई, मी खोटं बोलले. अकरा घरटी आहेत. पिल्लं आहेत आत.”

मग त्या म्हणाल्या, “मी तुम्हाला तीनदा विचारलं होतं.”

“मला वाटलं तुम्ही फोटोवाल्या. मासिकात छापणार म्हणून.”

“मासिक? कुणी सांगितलं?”

मी सांगितलं. बाई चिडल्या नाहीत, चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. थकल्यासारख्या म्हणाल्या, “सरांना मी आदल्या आठवड्यात सगळं फोनवर सांगितलं होतं, कशासाठी येतेय ते. घरट्यांचं विचारलं तर म्हणाले, मी काही सांगत नाही, तिथं कुमुद राहते, तिला विचारा. सर ट्रस्टच्या केंद्रावर जाणार हे मला माहीत होतं. म्हणून त्यांच्या शब्दावर मी अहवाल लिहिलाच नसता. तुमच्या शब्दावर लिहिला. तुमचा यात काही फायदा नव्हता ना.”

मी काउंटरवरचा एक कोरा कागद पुढं ओढला.

“आता थांबवता येईल?”

“तुम्ही लेखी द्या, आज. मी पत्र पाठवते. पण मंजुरी झालीय, मध्ये शनिवार-रविवार. बघू.”

मी तिथंच लिहून काढलं आणि पाठवलं. मग दुकानात टांगलेली दुर्बीण गळ्यात अडकवली आणि चप्पल घालून तडक सरांच्या घरी गेले.

सर एकटे राहायचे, मंगळवार पेठेत, दोन खोल्यांत. त्यांच्या पत्नी जाऊन पाच वर्षं झाली होती. पुढच्या खोलीत चार पत्र्याच्या ट्रंका, त्यात त्यांच्या तळ्याच्या नोंदींच्या वह्या. मी आत गेले तेव्हा ते एक वही उन्हात धरून झटकत होते.

“ये. चहा टाकू?”

“मला सतरावं पान वाचायला मिळालं, सर.”

त्यांनी वही खाली ठेवली. काय, कुठलं, असलं काही विचारलं नाही. तेव्हाच मला कळलं की माझी काही चूक होत नाहीय.

“तुम्हाला माहीत होतं ती कोण आहे,” मी म्हणाले.

“होतं.”

“मला फोटोवाली म्हणालात.”

“फोटो काढते ती. मासिकातही लिहिते. त्यात खोटं काय आहे?”

“माझ्याशी शाळा करू नका, सर.”

ते खुर्चीत बसले. ट्रंकेवर हात ठेवून म्हणाले, “एकतीस वर्षांच्या वह्या आहेत या. तीन वाळवीनं खाल्ल्या. मी गेलो की उरलेल्या रद्दीत. केंद्रात कपाट देणार आहेत काचेचं. लोक येतील, वाचतील. काठ तसाही राहणार नव्हता, कुमुद. आज नाही तर दोन वर्षांनी गेला असता. बगळे काय, दुसरीकडं बांधतील.”

“पिल्लं कुठं बांधतील?”

त्यांनी ट्रंकेची कडी लावली.

“तेवढीच हौस होती,” मी म्हणाले, “तर तुम्हीच नाही म्हणायचं होतं. माझ्या तोंडून का वदवलंत?”

सर माझ्याकडं बघत राहिले. आणि मग जे बोलले ते मी मेले तरी विसरणार नाही. अगदी शांतपणे, वर्गात सांगावं तसं म्हणाले, “मला खोटं बोलता येत नाही. मी आयुष्यात एक खोटी नोंद केलेली नाही.”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हणजे हा माणूस त्या सकाळी एक अक्षर खोटं बोलला नव्हता. कुमुदला विचारा म्हणाला, तेही खरं. पलीकडं खंड्या आलाय म्हणाला, तर खंड्या होताच. चार वर्षं मला नाही म्हणायला शिकवलं, आणि वेळ आल्यावर तेच माझं नाही अलगद काढून घेतलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते मला त्या खोलीत कळलं.

“मग आता खरं बोला,” मी म्हटलं. “बाईंना फोन लावते. त्यांना एवढंच सांगा, घरटी आहेत. तुमचा शब्द मोठा आहे, सोमवारचं काम थांबेल.”

मी फोन पुढं धरला. सरांनी तो घेतला नाही. उन्हात धरलेली वही परत उचलली आणि पानं झटकायला लागले.

मी गळ्यातली दुर्बीण काढून ट्रंकेवर ठेवली.

“राहू दे,” ते म्हणाले. “तुला दिलीय ती.”

ती तिथंच ठेवून मी निघून आले.

सोमवारी आठला खोदायचं मशीन आलं. मी काठावर जाऊन आडवी उभी राहिले, माझ्या लेखी जबाबाची प्रत हातात घेऊन. मुकादम भला माणूस होता, हात जोडून म्हणाला, “ताई, बाजूला व्हा. आमच्याकडं कागद आहे.” आणि त्यानं मला तो वाचून दाखवला, “हे बघा, इथल्या राहणाऱ्या श्रीमती कुमुद चौगुले, त्याच सांगतात काही नाही म्हणून. तुम्ही कोण?”

“मीच ती,” मी म्हणाले.

त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा कागदाकडं. त्याला वाटलं असणार, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. चार माणसांनी मला धरून बाजूला केलं. पाणकणीस उसासारखं आडवं होत गेलं. मोठे बगळे वर उडाले आणि गोल गोल फिरत राहिले. पिल्लांना अजून पंख नव्हते. पुढचं मी सांगत नाही, मी बघितलं तेवढं पुरे. मंगळवारी मशीनला वाट पाहिजे म्हणून वळणावरची बाभळ तोडली. बुधवारी दुपारी काम थांबवायचं पत्र आलं. बाईंनी शब्द पाळला होता, पण थांबवायला तिथं चिखलाशिवाय काही शिल्लक नव्हतं.

या सगळ्याला आता तेरा वर्षं झाली. पण मला ती गोष्ट त्या बुधवारी संपल्यासारखी कधीच वाटली नाही. ती संपली त्यापुढच्या रविवारी.

मला वाटलं सर येणार नाहीत. आले. तीच टोपी, गळ्यात त्यांची दुर्बीण. हातात यादी आणि पेन, त्या दिवशी आकडे तेच लिहीत होते. माझ्याशी बोलले नाहीत, मीही बोलले नाही. बाकीच्यांना काही माहीत नव्हतं. काठ साफ झालाय एवढंच त्यांना दिसत होतं. एकजण तर म्हणाला, चला, डास तरी कमी होतील.

आमच्या घरासमोर आल्यावर मगदूमकाकू थांबल्या. चिखलात पाणकणसाचा ढीग पडला होता आणि त्यावर एक मोठा बगळा नुसता उभा होता, मान ताठ करून.

“अगं कुमुद,” काकू म्हणाल्या, “हा इथं का उभाय असा? काय होतं इथं?”

“घरटी होती, काकू,” मी म्हणाले. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “अकरा. पाहणीवाल्या बाईंनी मला विचारलं, आणि मी नाही म्हणून सांगितलं. सही केली. म्हणून ती गेली.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्याकडंच. काकूंच्या हातातला डबा तसाच राहिला.

“खोटं का बोललीस गं?” त्या म्हणाल्या.

मी तोंड उघडणार, एवढ्यात सर पुढं आले. चेहऱ्यावर इतकी माया की बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं.

“असू दे काकू,” ते म्हणाले. “तिला बोल लावू नका. साधी बाई आहे, मोठ्या माणसांसमोर गोंधळली असेल. तिच्या मनात वाईट नव्हतं. आपण सगळ्यांनी तिला माफ करायचं.”

लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी चक्क म्हणालं, सरांचं मन मोठं आहे. मला वाटलं होतं, यापेक्षा जास्त काही माझं काढून घेता येणार नाही. पण या माणसानं माझी कबुलीपण घेतली आणि स्वतःच्या टोपीत तुऱ्यासारखी खोवली.

“सर,” मी म्हणाले, “मला माफ नका करू. या सगळ्यांसमोर एकच सांगा. इथं घरटी होती, हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं?”

आता लोक माझ्याकडचे वळून त्यांच्याकडं बघायला लागले. काकूंनी डब्याचं झाकण लावलं. त्या चाळीस वर्षं दवाखान्यात माणसांचे चेहरे बघितलेल्या, त्यांना मी बोलायच्या आधीच काहीतरी उमगलं असावं.

“सांगा की सर,” काकू म्हणाल्या. “हो म्हणा नाहीतर नाही म्हणा.”

सरांचे ओठ हलले. कपाळावर घाम आला होता, सकाळच्या गार वाऱ्यात. मग त्यांनी दुर्बीण उचलून डोळ्याला लावली आणि तोंड वळणाकडं फिरवलं.

“चला,” ते म्हणाले. “पलीकडं खंड्या आलाय.”

सवयीनं सगळ्यांच्या माना तिकडं गेल्या. माझीपण गेली. वळणावर बाभळ नव्हती. तिचं खोड चिखलात आडवं पडलं होतं, आणि त्याच्यावर, आजूबाजूला, तारेवर, कुठं काही बसलेलं नव्हतं. कुणी जागचं हललं नाही. सर मात्र दुर्बीण खाली घेईनात. बऱ्याच वेळानं त्यांनी पेन काढलं, यादीवर काहीतरी लिहिलं आणि एकटेच घाटाकडं चालायला लागले.

यादी त्यांनी नेहमीसारखी पायरीवर ठेवली होती. काकूंनी ती दुपारी दुकानात आणून दिली.

ती अजून माझ्याकडं आहे. केंद्र पुढं झालंच. तिथल्या काचेच्या कपाटात त्यांच्या सगळ्या वह्या आहेत, ही एक यादी नाही. जांभळा बगळा, या नावापुढची जागा मोकळी आहे. खंड्या, या नावापुढं सरांच्या सुंदर अक्षरात लिहिलंय, एक.